पाळण्याच्या फळीची गिटार

घोडीच्या मागच्या कडेखाली केस जात होता.

काल गेला नव्हता. फणीत अडकलेला एक लांब केस सुमतीने सोडवून घेतला होता, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून धरला होता आणि गिटारीच्या पोटावर सपाट टेकवून हळूहळू पुढे सरकवला होता. काल तो तारा ओढून धरणाऱ्या त्या लाकडी घोडीच्या कडेशीच अडला. आज आत शिरला. पातळ तारांच्या बाजूला अर्ध्या तांदळाइतका, जाड पितळी तारांच्या बाजूला अख्ख्या तांदळाइतका. तिने तो बाहेर काढून पुन्हा सरकवला. पुन्हा तेवढाच गेला. मग तिने तो बोटाला गुंडाळला, पदराच्या टोकात बांधला आणि नवऱ्याला सांगायला ओटीवर आली.

हरिहर शाळेत जायच्या घाईत पागोटं चढवत होता.

"अहो, फट पडली आहे."

"कुठे?"

"घोडीखाली. केस जातो."

"केस काय, कुठेही जातो. परवा आत्याच्या वरणात गेला होता."

"काल जात नव्हता."

"चिंचोक्याची खळ आहे ती, वाळताना जरा आकसणारच. उगाच बोटं लावत बसू नकोस." तो पायऱ्या उतरून गेला.

संध्याकाळी सुमती गाईची धार काढत असताना शेजारच्या खोलीतून फटकन आवाज आला. गाय दचकली, तांब्या लवंडला. सुमती उठून दारात गेली. घोडी पोटावरून सुटून समोरच्या भिंतीवर आपटली होती आणि तारा वेटोळी होऊन लोंबत होत्या.

माजघरातून आत्याबाईंचा आवाज आला, "गेलं का गं? हेही गेलं?"

आत्याबाई हरिहरच्या वडिलांच्या थोरल्या बहीण. कळायच्या आधी विधवा झालेल्या, माहेरीच राहिलेल्या. हरिहरचे आईवडील पटकीच्या साथीत गेले तेव्हा त्यांनी त्याला मांडीवर घेतला, वाढवला, शिकवला आणि नऊ वर्षांची सुमती बघून सून म्हणून आणली. टेंभीवरचं ते घर त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांच्या 'हेही'चा अर्थ सुमतीला समजावून सांगायची गरज नव्हती. तिची मुलगी पाच महिन्यांची होऊन गेली होती. त्यानंतरचा मुलगा पाचवी पुजायच्या आत गेला. त्यानंतर काही नाही. दर महिन्याला कावळा शिवला की ती गोठ्याशेजारच्या खोलीत जाऊन बसे, आणि आत्याबाई विहिरीवरच्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत, "बसली बाई बाहेर! आमचं पंचांग चुकेल, हिचं चुकायचं नाही."

त्यांनी कल्याणला एक मुलगी हेरून ठेवली होती. घराणं चांगलं, मुलगी दहाची, आई सात लेकरांची. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी हरिहरला मुलगी बघायला पाठवलं. तो आगगाडीने गेला आणि वेळेच्या आधीच पोहोचला. फलाटावर एक गोवेकर गार्ड पेटीवर बसून गिटार वाजवत होता. हरिहर आधी लांब उभा राहिला, मग जवळ गेला, मग त्याच्याकडून सुतळी मागून घेऊन वाद्याची मापं घेऊ लागला. कुठे किती गाठी मारायच्या, कंबर किती, पोट किती, गळा किती. मुलीकडचा माणूस त्याला शोधत आला तोवर मुहूर्त टळला होता.

"मुलगी बघायला धाडलं, तर हा लाकूड बघून आला!" आत्याबाईंनी ही गोष्ट इतक्या जणींना सांगितली की ती शाळेपर्यंत पोहोचली आणि मुलं फळ्यावर गिटारीचं चित्र काढू लागली.

हरिहर चिडला नाही. तो चिडत नसे. मुलांवर छडी न उगारणारा मास्तर म्हणून त्याचं नाव होतं. मुलगा जाऊन वर्ष व्हायच्या आत आत्याबाईंनी सवतीचा विषय काढला, तेव्हाही त्याने हो म्हटलं नव्हतं. सुमतीने बरेच दिवस त्याचे उपकार मानले. नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

दिवाळीत आत्याबाईंनी त्याला ताटावरच गाठला. "कल्याणकरांना काय कळवू?"

"मी ते वाद्य करायला घेतलं आहे. ते होऊ दे."

"मग?"

"मग सांगतो."

"काय सांगशील?"

"हो की नाही, ते."

सुमती वाढत होती. तिच्या हातातली पळी आमटीत परत गेली, एवढंच. पण त्या दिवसापासून त्या वाद्याकडे बघताना तिला दुसरं काही दिसेना. ते पुरं होईल त्या दिवशी आपलं काय ते ठरणार.

आत्याबाईंनी ते किरिस्तावाचं तंबोरं माजघरात येऊ द्यायला साफ नकार दिला. म्हणून हरिहरने गोठ्याशेजारच्या खोलीत पाट मांडला. दुसऱ्या कुठल्याही बाईने तिथे पाऊल टाकलं नसतं. सुमती टाकायची, कारण त्या खोलीत नवरा तिच्याशी बोलायचा. माजघरात तो मुका, ओटीवर मास्तर. इथे मात्र हातात पटाशी आली की बोलत सुटे. तार अर्धी केली की सूर दुप्पट चढतो, का चढतो, फळी पातळ केली की आवाज का मोठा होतो, सगळं तिला सांगे. गळ्यावर सुरांच्या पट्ट्या कुठे बसवायच्या याची एक रीत त्याच्या इंग्रजी पुस्तकात होती. दर वेळी उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडायचा आणि तिथे पट्टी ठोकायची. भागाकार सुमतीने केले, पाटीवर. त्याने पडताळून पाहिले आणि म्हणाला, "तू शाळेत असतीस तर पहिली आली असतीस." ते वाक्य तिला कितीतरी दिवस पुरलं.

बाजूच्या पट्ट्या वाकवायला गरम नळी लागते असं पुस्तकात होतं. नळी सुमतीने शोधली. न्हाणीघरातल्या बंबाचं तांब्याचं धुराडं. पट्टी रात्रभर भिजवायची, सकाळी बंब पेटला की धुराड्याला लावून हळूहळू दाबायची. दोन जळल्या, एक मोडली, चौथी कमरेसारखी वळली.

"माझ्या सोवळ्याच्या पाण्यावर लाकडं शिजवा आता," आत्याबाई न्हाणीच्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. "तुमची आमटी मी गोठ्यात करत जाईन."

आणि मग पोटाच्या फळीची वेळ आली.

"जुनं लाकूड पाहिजे," हरिहर म्हणाला. "पंधरा-वीस वर्षं घरात वाळलेलं, रेषा सरळ असलेलं. वखारीतलं ओलं असतं, पुढे वाकतं." तो पटाशीला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "शिवणीचं सगळ्यात चांगलं. हलकं असतं."

घरात शिवणीचं लाकूड एकच होतं. माजघराच्या आढ्याला टांगलेला पाळणा. हरिहर त्यातच निजला होता, नंतर त्याची मुलं. दुसऱ्या मुलानंतर सुमतीने तो उतरवू दिला नव्हता. त्याच्या दोऱ्या ती दर एकादशीला पुसून घ्यायची.

हरिहरने आत्याबाईंना विचारलं. तिला वाटलं होतं, आत्याबाई अकांडतांडव करतील. त्या वाती वळत होत्या. वळता वळता म्हणाल्या, "घे की. रिकामा टांगून काय शोभा? नवी आली की नवा करू."

भिवा सुताराने तळची फळी उभी चिरून तिच्या दोन पातळ फळ्या केल्या, पुस्तक उघडल्यासारख्या. दोन्हीवरच्या रेषा एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या होत्या. फळीच्या वरच्या अंगाला तेलाचा एक डाग होता, बाळाच्या टाळूवर घालायच्या तेलाचा. हरिहर तो रंधायला लागला तेव्हा सुमती म्हणाली, "एवढा राहू दे."

"तेलावर खळ धरत नाही," तो समजावणीच्या सुरात म्हणाला आणि त्याने तो रंधून काढला.

माघात गिटार उभी राहिली. गिटारीला लावतात त्या बकऱ्याच्या आतड्याच्या तारा घरात आणणं शक्यच नव्हतं, म्हणून हरिहरने सतारीच्या पोलादी आणि पितळी तारा आणल्या. सगळे सांधे चिंचोक्याच्या खळीचे, कारण सुतार वापरतात तो सरस म्हणजे ढोरांच्या कातड्याचा उकाडा, आणि तो उंबरठ्याच्या आत येणं तारांहूनही अशक्य. पोलादी तारा आतड्याच्या जवळजवळ दुप्पट जोराने ओढतात. खळ सरसाच्या मानाने कितीतरी कमी धरते. दोन्हीकडून बाटायचं चुकवलं, आणि दोन्हीकडून गणित चुकलं. हरिहरला हे कळत होतं. शाळेत त्याने हेच मुलांना शिकवलं असतं.

म्हणून त्या संध्याकाळी घोडी सुटली.

त्याने नवी घोडी केली, आधीपेक्षा रुंद. खळीत चुना घातला. ती तारा चढवल्यावर जेमतेम दुसऱ्या सकाळपर्यंत राहिली.

"तारा घोडीला बांधण्याऐवजी खाली, बुडाला खिळी ठोकून बांधल्या तर?" सुमती म्हणाली. "सतारीत असतात तशा. मग घोडीवर नुसता दाब येईल, ओढा येणार नाही."

"मग ती गिटार राहणार नाही."

"वाजेल तर."

"वाजेल. पण गिटार राहणार नाही." त्याने सुटलेली घोडी उचलली, खालच्या बाजूला चिकटलेली खळ नखाने खरवडली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "या घरात काही टिकतच नाही."

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं असावं. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. सुमती तारा गुंडाळत होती. तारेचं टोक तिच्या अंगठ्यात घुसलं होतं आणि ती तसंच गुंडाळत होती.

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"हं."

"ऐक. ही घोडी एकदा टिकू दे. टिकली की मी आत्याला नको म्हणून सांगतो. मग कल्याणकर रुसोत नाहीतर काही करोत."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "टिकली तर नको म्हणाल?"

"टिकली तर."

"शपथ घ्या."

तो हसला. "शास्त्र शिकलेला माणूस शपथ घेत नाही. शब्द देतो."

तिने तारेचं वेटोळं खाली ठेवलं. मग विचारलं, "सरस असता तर टिकली असती?"

"प्रश्नच नव्हता. सरस लाकडाच्या आत शिरतो. ऊन करून लावायचा, उकळू द्यायचा नाही, आणि दाबून ठेवायचा. मग एक वेळ लाकूड फाटेल, पण सांधा सुटणार नाही."

"मग?"

"मग काय मग? आत्या जीव देईल." तो थांबला, आणि खरं तेच बोलला. "आणि मलाही नाही गं चालणार. ज्या हाताला तो लागेल त्या हाताने संध्या कशी करू?"

भिवा दोन दिवसांनी करवत न्यायला परसदारी आला. सुमतीने कुंपणाच्या अलीकडून त्याला हाक मारली आणि काय पाहिजे ते सांगितलं. भिवा आधी हसला, मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला.

"वैनी, यो तुमचे घरान नाय चालाचा. मोठ्या बायला कललं त माजी पायरी बंद."

"कळणार नाही."

"वास येतो."

"गोठा आहे," सुमती म्हणाली.

पुढच्या वेळी येताना त्याने पळसाच्या पानात बांधलेली पुडी कुंपणावरून आत टाकली आणि मागे न बघता निघून गेला. पुडीत तपकिरी, काचेसारख्या वड्या होत्या.

तिला थांबावं लागलं नाही. आठवड्याच्या आत कावळा शिवला. आत्याबाईंनी विहिरीवर काय म्हणायचं ते म्हटलं. सुमती कांबळं आणि तांब्या घेऊन गोठ्याशेजारच्या खोलीत गेली. आता चार दिवस तिला कोणी शिवणार नव्हतं, तिच्या जवळपास कोणी फिरकणार नव्हतं, ती काय करते हे बघायला कोणी डोकावणार नव्हतं. जेवण दाराबाहेर ठेवलं जाई. घोडी नसलेली गिटार कोपऱ्यात भिंतीला टेकून होती. त्या घरात तेव्हा वाळीत टाकलेल्या गोष्टी त्या दोनच होत्या, आणि दोघींना खोलीही एकच.

तिने आधी वड्या फुटक्या मडक्यात भिजत घातल्या. सकाळपर्यंत त्या फुगून मऊ झाल्या. खोलीच्या मागे तीन दगडांची चूल मांडली, एका भांड्यात पाणी तापवलं आणि त्या पाण्यात मडकं धरलं, म्हणजे जाळ थेट लागणार नाही. वास सुटला. गोठ्याच्या वासाहून तो वेगळा होता, पण त्याच घरचा होता. खुंट्याला बांधलेली गाय मान वळवून बघत होती. सुमतीने मडकं घेऊन जागा बदलली आणि गाईकडे पाठ करून बसली.

बुडबुडा येऊ दिला नाही. काडी बुडवून वर धरली की थेंब ओघळावा पण तुटू नये, इतकं ते दाट झाल्यावर थांबली. त्याआधी तिने फळीवरची जुनी खळ ऊन पाण्याने भिजवून, खरवडून, पुसून काढली होती. तिथे बोट फिरवलं तेव्हा तेलाचा डाग जिथे होता ती जागा तिला डोळे मिटूनही सापडली असती.

घोडी लावली. दाबायला तिच्याकडे शिकंजा नव्हता, आणि घरातल्या पाट्या-वरवंट्याला ती हात लावू शकत नव्हती. तिने गोठ्यातलं जादा दावं घेतलं, घोडीवर लाकडाचा ठोकळा ठेवून गिटारीच्या पोटापाठीभोवती ते दोनदा फिरवलं आणि मध्ये काठी घालून पीळ देत गेली. कडेने मधासारखा थेंब बाहेर आला. तिने पुसला. एक राहिला, घोडीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे बोट पोचत नव्हतं.

चौथ्या दिवशी तिने पीळ सोडला, मडकं फोडून खापऱ्या उकिरड्यात पुरल्या आणि न्हायला गेली.

हरिहर शाळेतून आल्यावर खोलीत गेला आणि तिथूनच त्याने हाक मारली. कधी नव्हे ते मोठ्याने. "अगं, ही बसली कशी?"

"तुम्ही सांगितलं होतंत तसं केलं. जुनं खरवडून, ऊन करून, दाबून."

त्याने घोडी अंगठ्याने ढकलून पाहिली आणि पुढे काही विचारलं नाही. पुढे कधी आठवलं म्हणजे सुमतीला वाटे, त्याने मुद्दामच विचारलं नसावं.

तारा चढल्या. गिटार वाजली. शिवणीचा आवाज तसा लहान, कोरडा, पण गोड होता. रस्त्याने जाणारे दोघेतिघे ओटीशी थबकले. आत्याबाईंनी जपाची माळ थांबवून ऐकलं, एवढंच म्हणाल्या, "वाजली ना? मग आता तू वाज."

"थोडे दिवस जाऊ दे, आत्या. टिकते का बघू."

रोज सकाळी सुमती केस लावून बघे. केस कडेशी अडे. सगळ्या बाजूंनी अडे. आठवडा गेला, होळी गेली, पाडवा गेला. "टिकली," ती एकदा म्हणाली. तो म्हणाला, "हो ना, बघ की!" आणि वाजवत राहिला. ती रोज माजघरात कान देऊन बसे, की आता तो आत्याबाईंना हाक मारील. त्याने मारली नाही. ज्या दारातून नको म्हणायला जायचं त्या दाराकडे तो पाठ करून बसू लागला.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी कल्याणहून माणूस आला. मुलगी आता अकराची झाली, आणखी थांबणं लोकांत दिसत नाही. आज उत्तर मिळालं तर ठीक, नाहीतर पनवेलचं स्थळ आलेलं आहे. आत्याबाईंनी त्याला ओटीवर गूळपाणी दिलं आणि हरिहरला म्हणाल्या, "तो बसला आहे. त्याला मी काय सांगू?"

"आलोच," हरिहर म्हणाला आणि गोठ्याशेजारच्या खोलीत गेला.

सुमती त्याच्या मागून गेली आणि दाराशी उभी राहिली. त्याने गिटार मांडीवर घेतली होती आणि धोतराच्या सोग्याने तो ती पुसत होता. पोट पुसलं, गळा पुसला, घोडीच्या मागे बोट घातलं. तिथे त्याचं नख अडलं.

त्याने तो थेंब खरवडून काढला. उजेडात धरला. तपकिरी, पारदर्शक. जिभेने बोट ओलं करून त्यावर घासलं आणि हुंगलं.

"हे काय आहे?"

"सरस."

"कोणी आणला?"

"मी लावला," ती म्हणाली. भिवाचं नाव तिने घेतलं नाही.

हरिहरने तो हात अंगापासून लांब धरला, ओला रंग लागल्यासारखा. "इतके दिवस मी या हातांनी..."

"तुम्ही तारांना हात लावलात. सरसाला नाही."

"तुला माहीत होतं मला चालणार नाही."

"मला माहीत होतं ते टिकेल." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही शब्द दिला होतात. घोडी टिकली की नको म्हणणार."

"मी लावलेली घोडी."

"शब्द टिकण्याचा होता. कोणी लावायची, याचा नव्हता."

त्याने नखातला थेंब झटकला. मग हसला. शाळेतल्या मुलाच्या चुकलेल्या पाटीकडे बघून तो असाच हसत असणार, मायेने. "उत्तर बरोबर आहे, सुमती. रीत चुकली. अशा गणिताला गुण नसतात."

माजघरातून आत्याबाई म्हणाल्या, "हरी, त्याची गाडी चुकेल हो!"

"आलो."

पण तो उठला नाही. त्याने जाड तारेची खुंटी धरली आणि पिळली. तार सुरात होती. ती सुरावर गेली. त्याने दुसरी पिळली, मग तिसरी. पुन्हा पहिली. मग पातळ तारा.

"पुरे," सुमती म्हणाली. "सूर कधीच लागला."

"बघू तर खरं, तुझा सरस किती धरतो."

"अहो, फळी पातळ आहे."

त्याने ऐकलं. ती फळी किती पातळ आहे हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, त्यानेच ती रंधली होती. खुंटी करकरली. सुमतीला दिसलं की घोडीच्या पुढे फळी किंचित खाली बसली आहे आणि मागे फुगली आहे, श्वास आत ओढून धरावा तशी. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत खुंटी फिरवत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. कोणीतरी दुसऱ्याने आपलं काम उरकून टाकावं, अशी वाट बघणं होतं.

मोठा आवाज झाला नाही. शिवणीची फळी रेषेच्या कडेने फाटत गेली, घोडीपासून बुडापर्यंत, कापड फाटावं तशी. तारा ढिल्या पडल्या.

"गेलं का?" आत्याबाई आतून म्हणाल्या. "हेही गेलं?"

हरिहरने हात मागे घेतले. त्याचे खांदे खाली आले. गेले कित्येक महिने ते इतके सैल सुमतीने पाहिले नव्हते.

"बघ," तो मऊपणाने म्हणाला. "नाही टिकली."

सुमती आत आली, खाली बसली. डोक्यावरून एक केस उपटला, दोन्ही चिमटीत ताणला आणि घोडीच्या मागच्या कडेला लावला. केस अडला. पुढच्या कडेला लावला. अडला. घोडीखालची फळी घोडीला धरूनच होती, तिच्यासकट उचकटून वर आली होती.

"घोडी सुटली नाही," ती म्हणाली. "लाकूड फाटलं."

"एकूण एकच."

"एकच नाही."

त्याने गिटार तिच्या पुढ्यात ठेवली, बाहेर दोणीपाशी जाऊन राखेने हात घासले, धुतले, पुन्हा घासले, पुन्हा धुतले आणि उपरण्याला पुसले. मग माजघराच्या उंबरठ्याशी उभा राहिला. सुमतीला त्याची पाठ दिसत होती. आत्याबाईंनी माळ थांबवली. ओटीवरच्या माणसाने पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"आत्या," हरिहर स्वच्छ, वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाला, "कल्याणला होय म्हणून कळव."